पस्तीस अंशांना काय होतंय?

"पस्तीस अंशांना काय होतंय? नागपूरला जाऊन बघा म्हणावं."

गेल्या मे महिन्यात एका कंत्राटदाराच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यात रुतून बसलंय. भांडण करायची माझी हौस कॉलेजातच संपली होती, पण हे एक भांडण मी सोडणार नाही असं ठरवलंय. म्हणून आज जरा लांबण लावणार आहे. घाई असेल त्यांनी चहा पिऊन या.

झालं असं. तलासरीच्या बाजूला रस्त्याकडेला पाइपासाठी चर खणायचं काम चाललं होतं. आमच्या डहाणूच्या वाडीत हिवाळ्यात चिकू तोडायला येणारी एक मावशी तिथे रोजावर होती. दुपारी तीनच्या सुमाराला ती चरातच बसली, मग आडवी झाली, मग काहीबाही बोलायला लागली. बरोबरच्या बायकांनी ओढून झाडाखाली आणलं, पिण्याच्या कॅनमधलं पाणी अंगावर ओतलं आणि टमटममध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिच्या मुलाचा मला फोन आला म्हणून मी गेलो. सलाईन चालू होतं. कागदावर लिहिलं होतं, चक्कर व अशक्तपणा.

ती वाचली, हे आधीच सांगून टाकतो. पण तीन आठवडे कामाला जाऊ शकली नाही. त्या दिवसांच्या मजुरीचं आणि औषधांचं काय, हे विचारायला मी तिच्या मुलाबरोबर गेलो तेव्हा कंत्राटदारानं खिशातून मोबाईल काढला आणि त्या दिवशीचं डहाणूचं तापमान दाखवलं. पस्तीस. "उष्माघात बिष्माघात काही नाही साहेब, बाई घरून उपाशी आली असेल." आणि पुढे ते नागपूरचं वाक्य.

गंमत म्हणजे वाईट वाटायच्या आधी क्षणभर मलाही ते पटलं होतं. पस्तीस म्हणजे काय फार नाही, असं आपल्या सगळ्यांच्याच मनात असतं. विदर्भात चव्वेचाळीस, पंचेचाळीस होतं तेव्हा टीव्हीवर लाल नकाशे येतात. आपण किनाऱ्यावरचे लोक त्याकडे बघत "बापरे" म्हणतो आणि पंखा पाचवर करतो.

मावशीला मी विचारलं, ऊन लागलं का? ती म्हणाली, "ऊन नाय दादा. घामच सुकत नव्हता."

मी फिजिक्स घेऊन पदवीधर झालेला माणूस. मला जे कळायला हवं होतं ते तिनं तीन शब्दांत सांगितलं होतं.

आपलं शरीर ही एक भट्टी आहे. नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. कुदळ चालवणारा त्याच्या तिप्पट-चौपट. आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवायचं तर ही उष्णता कुठेतरी गेली पाहिजे. हवा कातडीपेक्षा गार असेल तर ती थोडी ओढून घेते. पण कातडीचं तापमान असतं साधारण ३५. म्हणजे बाहेर पस्तीस झालं की हवेनं हात वर केले. उरतो एकच मार्ग, घाम. आणि घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो सुकला पाहिजे. सुकताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. निथळून जमिनीवर पडला तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता तिथेच राहिली.

डहाणूतल्या कुठल्याही घरातल्या बाईला हे माहीत आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. मे महिन्यात माठातलं पाणी गार होत नाही. नागपूरचा माठ मे महिन्यात बर्फासारखं पाणी देतो, आमचा नुसता ओला होऊन बसतो. माठ पाझरतो, पण पाझरलेलं पाणी सुकायला हवेत जागाच नसते. माणूस हा चालता-बोलता माठच आहे. माझ्या माहितीत हवामानशास्त्राचा याहून चांगला धडा नाही.

आता हिशेब बघा. समजा नागपुरात ४४ अंश आहेत आणि हवेत आर्द्रता १५ टक्के. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तो तिथे टांगला तर तो साधारण २३ दाखवेल. फडकं सुकत राहतं, फुगा गार होतो. डहाणूत ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तोच ओल्या फडक्याचा तापमापक २९ दाखवेल. दहा अंशांनी "थंड" असलेल्या डहाणूत ओलं फडकं सहा अंशांनी जास्त गरम! नागपूरचं ऊन खोटं आहे असं मी म्हणत नाही. तिथे माणसं वेगळ्या प्रकारे मरतात, उन्हाची झळच जीव घेते. पण घामावर जगणाऱ्या शरीराला कोणता आकडा जास्त कळतो, हे सांगायला वैज्ञानिक लागत नाही. वैज्ञानिकांनीही सांगितलंय म्हणा. ओल्या फडक्याचं तापमान ३५ झालं की सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊनही माणूस काही तासांपलीकडे टिकत नाही, असं २०१० पासून मानलं जात होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग झाले तेव्हा दमट हवेत शरीर त्याच्याही बरंच खाली, ३०-३१ लाच हार मानायला लागतं असं दिसलं. आणि ती माणसं चर खणत नव्हती, हलक्या हालचाली करत होती.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते.

डहाणूला हवामान खात्याची वेधशाळा आहे. कुठल्याही वेधशाळेत एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, दार उत्तरेकडे, म्हणजे दार उघडलं तरी आत ऊन पडू नये. या पेटीत पारंपरिक पद्धतीनं चार तापमापक असतात. एक दिवसाचं कमाल सांगतो, एक किमान, एक त्या क्षणाचं साधं तापमान. आणि चौथा? चौथ्याच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळलेलं असतं! म्हणजे मावशीला जे कळत होतं ते मोजायचं साधन दीडएकशे वर्षांपासून त्याच पेटीत टांगलेलं आहे. रोज वाचतात, वहीत लिहितात, त्यावरून आर्द्रतेचा टक्का काढतात. तो टक्का सकाळी साडेआठचा आणि संध्याकाळी साडेपाचचा असा कोपऱ्यात छापूनही येतो. दुपारी तीनला चरात उभ्या असलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? ठळक अक्षरात येतं ते कमाल तापमान. कोरड्या फुग्याचं, सावलीतलं, समुद्राजवळचं. तलासरीच्या टेकड्यांपर्यंत पोचेपर्यंत समुद्राचा वारा दमलेला असतो, ते तर निराळंच.

आणि "उष्णतेची लाट" जाहीर करायची पद्धत काय? मैदानी भागात किमान ४० अंश. किनाऱ्यावर ३७ किंवा अधिक, शिवाय नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त. डहाणूचं मे महिन्यातलं नेहमीचं कमाल तापमान चौतिशीच्या आसपास असतं. म्हणजे आमच्याकडे लाट यायची तर पारा साडेअडतीसच्या पुढे जायला हवा. त्या व्याख्येत आर्द्रता नावाचा शब्दच नाही. याचा अर्थ, आमचा जो खरा उकाडा, पस्तीस अंश आणि अंगाला चिकटलेली हवा, तो कितीही दिवस राहिला तरी सरकारदरबारी ती लाट नाहीच. तो नुसता मे महिना.

खात्यावर सरसकट अन्याय करायचा नाही. अलीकडे "उष्ण व दमट हवामान" असे इशारे पालघर, ठाणे, रायगडसाठी येऊ लागलेत. २०२३ पासून आर्द्रता धरून उष्णता निर्देशांक काढायचा प्रयोगही त्यांनी सुरू केला. चांगलं आहे. पण कंत्राटदाराच्या मोबाईलवर आणि दवाखान्याच्या कागदावर अजून तोच एकटा आकडा राज्य करतोय.

त्याच २०२३ सालची गोष्ट. १६ एप्रिलला खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर दुपारी उघड्या मैदानावर बसली होती. चौदा जण गेले. त्या दिवशी आसपास पारा अडतीसच्या घरात होता. नागपूरकर हसतील इतका! चौदा माणसं मेल्यावर आठवडाभर चर्चा झाली, कार्यक्रम दुपारी ठेवावेत की नाही यावर आदेश निघाले, आणि संपलं. कार्यक्रमाला जाणाऱ्यांची दुपार निदान चर्चेत तरी आली. कामाला जाणाऱ्यांची कोण मोजतो?

आता एक गोष्ट सांगतो ती आमच्याच घरातली आहे, म्हणून जरा लाज वाटतेय. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आम्हाला अभिमान आहे. चिकूसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात काय बघतात? पाऊस आणि आर्द्रता! हवा सलग काही दिवस फार दमट राहिली की फळाला रोग लागतो, म्हणून ठरावीक मर्यादा ओलांडली की भरपाई. त्यासाठी महसूल मंडळांमधून स्वयंचलित हवामान केंद्रं उभारलेली आहेत. माझा भाऊ पावसाळ्यात त्या आकड्यांवर डोळे लावून बसतो. म्हणजे दमट हवा चिकूला बाधते हे सरकारला मान्य, विमा कंपनीला मान्य, आम्हा बागायतदारांना मान्य. ती चिकू तोडणाऱ्या बाईला बाधते हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. आणि आमच्या वाडीतल्या कामाची वेळ काय होती? सकाळी आठ ते बारा, एक ते पाच. वर्षानुवर्षं. कंत्राटदाराला शिव्या घालत घरी आलो आणि आमच्याच फाटकाशी हे आठवलं.

या विषयावर बोललं की एक उत्तर हमखास येतं. "त्यांना सवय असते हो." चांगली शिकलेली, पुस्तकं वाचणारी माणसं हे म्हणतात. तर त्याबद्दल.

शरीराला उष्णतेची सवय होते हे खरं आहे. आठ-पंधरा दिवसांत घाम लवकर येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण घाम जास्त आला तरी तो दमट हवेत सुकणार कसा? माठ मोठा आणला म्हणून मे महिन्यात पाणी गार होत नाही. आणि वारल्यांना खरी सवय कशाची होती ते बघा. मोहाची फुलं पहाटे वेचतात, रात्रीतून गळलेली असतात, ऊन चढायच्या आत टोपल्या घरी. ताडी उतरवायची सकाळी लवकर. जंगलातून मोळी आणायची ती सूर्य वर यायच्या आत. भर दुपारी माणसं कुडाच्या घरात, कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप दिलेल्या भिंतींच्या सावलीत. सवय होती ती वेळ ओळखायची. ती वेळ आपण काढून घेतली. आठ ते पाचचा रोज आपण आणला, कुडाच्या जागी सिमेंटचे पत्रे आपण आणले, आणि आता म्हणतो सवय असते.

पत्र्यावरून आठवलं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास लोक महिनोन्‌महिने रात्री घराबाहेर झोपले, आधी थंडीत, मग उकाड्यात. तंबू आले, ताडपत्र्या आल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं भूकंपमापक आणून बसवले. जमीन किती हलते ते दशांशापर्यंत मोजलं गेलं, आणि ते योग्यच झालं. पण दुपारी त्या ताडपत्रीच्या आत माणूस किती तापतो ते मोजायला कुणी साधा दीडशे रुपयांचा तापमापक टांगला का? केंद्र सरकारच्या मदतीच्या निकषांत २०२२ ते २०२६ या काळासाठी बारा आपत्तींची यादी होती. भूकंप होता, पूर होता, गारपीट होती, टोळधाडीसारखी कीड होती, थंडीची लाटसुद्धा होती. उष्णतेची लाट नव्हती. हे मी दोनदा वाचलं, कारण मला वाटलं नजरचूक होतेय. आपल्या देशात!

आणखी एक विषयांतर, पण राहवत नाही. डहाणूत ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा इथे जळतो, वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. ती वीज मे महिन्यात कशाला लागते ते सांगायला नको. त्याच वेळी तलासरीच्या पाड्यावर पत्र्याखाली पंखा कधी फिरतो, कधी नाही. वातानुकूलित खोलीत बसून लोक ग्लोबल वॉर्मिंगवर लेख लिहितात (हो, मीही लिहिलाय). हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे तापत्या जगात किनाऱ्यावर नुसता पारा चढणार नाही, घाम सुकायची जागाही कमी होत जाणार. बर्फ वितळतोय त्याची चित्रं आपण खूप बघितली. न सुकणाऱ्या घामाचं चित्र निघत नाही.

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? जे इतरांनी कधीच केलंय ते. सरहद्दीपलीकडे अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर धडा घेतला. तिथे अभ्यासकांनी उष्माघाताचे दाखले मोजत बसण्याऐवजी त्या महिन्यात एरवीपेक्षा किती माणसं जास्त मेली ते मोजलं. १३४४. त्यातल्या बहुतेकांच्या कागदावर "चक्कर व अशक्तपणा" सारखंच काहीतरी असणार. २०१३ मध्ये त्या शहरानं स्वतःचा उष्णता आराखडा केला. अमेरिकेच्या सैन्यानं तर १९५० च्या दशकातच ओल्या फडक्याचं तापमान, उन्हाची धग आणि साधं तापमान एकत्र करून एक आकडा काढला, कारण सराव करताना रंगरूट कोसळत होते. सैनिक महाग पडतात ना! आणि कतार, ज्याच्या नावानं आपण मजुरांच्या हालांच्या गोष्टी सांगतो, त्या कतारनं २०२१ मध्ये कायदा केला, की हा आकडा ३२.१ च्या वर गेला की उघड्यावरचं काम बंद. शिवाय उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम नाहीच. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही तापमानाचं कलम होतं, पण ते छपराखालच्या कामगारांसाठी, आणि त्यातही "वाजवी आराम" असा मोघम शब्द. चर खणणाऱ्याला छप्पर कुठलं? दर उन्हाळ्यात दुपारी काम टाळण्याच्या सूचना निघतात हे मला माहीत आहे. सूचना वाचून कंत्राटदार रोज बदलत नाही.

याच तलासरीत, झरी गावात, १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या सोबत वारली उभे राहिले. वेठ बंद करा म्हणाले, गवत कापणीचा दर ठरवून मागितला आणि गोळ्या खाऊन मिळवला. कामाचा दर ठरवायला त्यांना कुणी वेधशाळेत जायला सांगितलं नव्हतं. आता दुपारचा दर ठरवायचा आहे. ओल्या फडक्याचा आकडा रोज, दुपारचा, तलासरीचा तलासरीला आणि डहाणूचा डहाणूला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. चिकूसाठी जी केंद्रं बसवलीत त्यांचेच आकडे वापरा, नवा पैसा लागत नाही. तो आकडा अमुकच्या वर गेला की काम बंद आणि रोज पूर्ण, हे कंत्राटात लिहा. डॉक्टरांनी बाहेरचा पारा न विचारता पेशंटचा ताप बघावा आणि तो काय काम करत होता ते कागदावर लिहावं. एवढंच मागणं आहे. यात कुठलं रॉकेट सायन्स आहे?

कंत्राटदारानं शेवटी औषधांचे पैसे दिले, मजुरीचे नाही. "माणुसकी म्हणून" दिले असं दोनदा बोलून दाखवलं.

आमच्या वाडीत मी वेळा बदलल्या. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते साडेदहा, मग संध्याकाळी साडेचारनंतर. भावाशी चांगलंच वाजलं. माल संध्याकाळच्या गाडीला लागतो, पेट्या भरायला माणसं हवीत तेव्हा दुपारीच हवीत, दुसऱ्या वाड्या आपल्याला हसतील. त्याचं सगळंच चूक आहे असं नाही. पहिल्या पंधरवड्यात दोनदा गाडी चुकली आणि त्या पेट्यांचा भाव पडला. अजून आमचं पूर्ण पटलेलं नाही. रोज तेवढाच ठेवलाय, यावर तर तो अजून घुमसतोय.

ओटीवर मी दोन तापमापक टांगलेत. एकाच्या फुग्याला जुन्या धोतराचं फडकं आणि खाली पाण्याची वाटी. परवा दुपारी अडीचला साधा तेहतीस दाखवत होता, ओला अठ्ठावीस. मावशी आता परत यायला लागलीय. पायरीवर बसून ती बराच वेळ त्या फडक्याकडे बघत होती. मग म्हणाली, वाटीतलं पाणी संपत आलंय, घालू का? म्हटलं, घाल.